गप्पी माशांची घरगुती पैदास

आपल्याकडे या माशाला ‘गप्पी’ हें नांव इतकें रुळलें आहे कीं, ऐकणाराला तो मोठा बोलघेवडा मासा असावा असें वाटावें. वस्तुतः त्याचा गप्पांशीं कांहीं एक संबंध नाहीं. रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी नांवाचे एक भूगर्भशास्त्राचे व्यासंगी गृहस्थ एकोणिसाव्या शतकांत वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर राहत असत. तेथील ओढ्यांतले कांहीं चिमुकले मासे त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले आणि म्यूझियममधील प्राणिशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनीं १८६६ सालीं त्या माशाला पाठविणाराचेंच नांव देऊन टाकलें. पुढें असें आढळून आलें कीं, हाच मासा बर्लिनच्या पीटर्स यांनीं १८५९ सालींच, व्हेनेझुएलांतील काराकास येथील नमुन्यांवरून वर्णिलेला होता. शास्त्राच्या नियमाप्रमाणें पीटर्स यांनीं दिलेलें ‘रेटिक्युलाटा’ हेंच नांव ग्राह्य ठरलें. परंतु लोकांच्या तोंडीं गप्पीसाहेब बसले ते बसलेच.

हा मासा पाळणें सोपें आहे. त्याची संख्या वाढविणें त्याहूनही सोपें आहे. किंबहुना ती वाढूं न देणें हेंच कठीण. पण त्याची जात राखणें, म्हणजे आणलेल्या माशाचें सौंदर्य त्याच्या पोरांत आणि नातवंडांत टिकविणें, ही गोष्ट मात्र चांगल्या चांगल्या हौशी माणसांनाही साधत नाहीं. मोठ्या हौसेनें दुकानांतून मोरपंखी शेपटांची एक जोडी आणावी आणि वर्षभरानें त्याच कांचेच्या पेटींत भुरक्या रंगाच्या, आखूड शेपटांच्या शेंदीडशें माशांची दाटी झालेली पाहावी, असा प्रकार अनेक घरीं घडतो. मग दुकानदारानें फसविलें असा निष्कर्ष काढण्यांत येतो. दुकानदाराचा दोष क्वचित् असेलही. पण बहुधा दोष असतो तो निसर्गाचे दोन-तीन साधे नियम माहीत नसण्याचा. ते नियम कोणते, हें सांगण्यासाठींच आजचें भाषण आहे.

प्रथम नर आणि मादी यांची ओळख करून घेऊं. नर लहान, फार तर इंच-सव्वा इंच लांबीचा. पण रंगांची सारी उधळण त्याच्याच अंगावर. मादी त्याच्या जवळ जवळ दुप्पट, पोटानें फुगीर आणि रंगानें बेताचीच. पक्ष्यांत मोर आणि लांडोर यांचें जें नातें तेंच येथें. परंतु रंगावरून नर ओळखण्यापेक्षां त्याच्या पोटाखालचा पर पाहावा. मादीचा हा पर पंख्यासारखा पसरट असतो. नराचा मात्र अरुंद होऊन एखाद्या बारीक काडीसारखा मागें वळलेला दिसतो. याच अवयवाच्या साह्यानें तो मादीच्या शरीरांत बीज सोडतो. कारण गप्पी हा इतर बहुतेक माशांप्रमाणें पाण्यांत अंडीं टाकणारा मासा नव्हे. त्याचीं अंडीं मादीच्या पोटांतच फलित होतात, तेथेंच वाढतात आणि बाहेर पडतें तें पोहतें, डोळस, भुकेलें पिल्लूं. मादीच्या पोटाच्या मागल्या भागीं एक काळसर डाग असतो. दिवस भरत आले कीं हा डाग गडद होतो, पोट चौकोनी दिसूं लागतें आणि पुष्कळदां त्या डागांतून पिल्लांचे काळे डोळेसुद्धां दिसतात. घरांतील मुलांना भिंग देऊन हें एकदां अवश्य दाखवावें.

आतां एक गोष्ट सांगतों, ती नीट ध्यानांत ठेवावी; कारण पुढच्या साऱ्या घोटाळ्याचें मूळ तींत आहे. एकदां नराशीं संबंध आल्यावर मादी त्याचें बीज आपल्या शरीरांत सांठवून ठेवूं शकते आणि पुढें नराचें तोंडही न पाहतां, कित्येक महिनेपर्यंत, दर चार आठवड्यांच्या सुमारास पिल्लें देत राहते. आतां दुकानांतल्या पेटीचा विचार करा. तेथें दहा प्रकारचे नर आणि पन्नास माद्या एकत्र पोहत असतात. त्यांतून आपण एक निळा नर आणि एक सुरेख मादी निवडून घरीं आणतों आणि ‘ही निळ्या गप्पींची जोडी’ असें समजतों. पण ती मादी घरीं आली तीच मुळीं दुसऱ्या कोणाचें तरी, कदाचित् अनेकांचें, बीज पोटांत घेऊन! पहिल्या दोन-तीन वेतांतील पिल्लें या निळ्या नराचीं असतीलच असें म्हणण्याला कांहींही आधार नाहीं. म्हणून ज्याला जात राखावयाची आहे त्यानें जोडी मागूं नये. नर न लागलेल्या कोवळ्या माद्या मागाव्या, आणि त्या मिळत नसतील तर पहिलीं वेतें निमूटपणें सोडून देऊन घरीं जन्मलेल्या माद्यांपासून आरंभ करावा.

पेटीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी मावेल एवढी एक, आणि तिच्याहून लहान अशा दोन किंवा तीन, इतका सरंजाम पुरे. एकाच मोठ्या व भपकेबाज पेटीपेक्षां साध्या चार पेट्या पैदाशीच्या कामीं अधिक उपयोगी, असें माझें स्पष्ट मत आहे. पाण्याविषयीं मात्र थोडें थांबलें पाहिजे. ज्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं म्हणून गृहिणी कुरकुर करतात, तें जड पाणी गप्पीला मानवतें. मुंबईच्या नळाचें तलावांतून येणारें पाणी हलकें असतें. तेथें शिंपल्यांचे थोडे तुकडे वाळूंत मिसळले म्हणजे काम भागतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. तेव्हां पाणी बादलींत दिवसभर उघडें ठेवून मग वापरावें, किंवा छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात त्या सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार खडे विरघळवून ठेवावे व त्या द्रावणाचे थेंब टाकावे. पाण्याची ऊब चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस असावी. कोंकणपट्टींत त्यासाठीं निराळी योजना करावी लागत नाहीं. पुण्या-नाशिकाकडे पौष-माघांतल्या रात्रीं मात्र विजेची कांडी लागते.

नवी पेटी भरून त्याच संध्याकाळीं मासे सोडण्याची घाई अनेकांना भोंवते. माशांच्या उत्सर्जनांतून आणि कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो, व तो विषारी आहे. वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजांत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें आधीं नायट्राइटांत आणि मग नायट्रेटांत रूपांतर करतात. नायट्राइट हेंही विषच. नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी. हें जंतूंचें बिऱ्हाड नीट बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत दोन-तीन मासेच ठेवावे, किंवा ओळखीच्या माणसाच्या जुन्या पेटींतला मळका स्पंज मागून आणावा. विरजणाशिवाय दहीं लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. आणि स्पंज धुवावयाचा तो पेटींतल्याच काढलेल्या पाण्यांत; नळाखालीं धरला कीं सारें विरजण नासलें.

पहिलटकरीण मादी पांच-दहा पिल्लें देते. पुढें तीस-चाळीस आणि एखादी धष्टपुष्ट मादी शंभराच्या घरांतही जाते. जन्मलेलें पिल्लूं लांबीला पाव इंचाच्या आसपास असतें आणि त्याचा पहिला शत्रु म्हणजे त्याची आई. हें ऐकून पुष्कळांना वाईट वाटतें. पण गप्पीला वात्सल्य ठाऊक नाहीं, समोरून हललें तें भक्ष्य एवढेंच त्याला कळतें. यावर बाजारांत एक उपाय मिळतो. जाळीच्या लहानशा डबींत मादीला कोंडावयाचें आणि पिल्लें खालच्या फटींतून निसटूं द्यावयाचीं. मला ही डबी पसंत नाहीं. त्या अरुंद जागेंत मादी घाबरते आणि पुष्कळदां दिवस पुरे होण्यापूर्वींच पिल्लें टाकते. त्यापेक्षां लहान पेटींत पाणवनस्पतींची दाट गर्दी करावी. आपल्याकडील तळ्यांत सहज मिळणारी हायड्रिला चालते, जावा मॉस नांवाचें मखमलीसारखें शेवाळ तर फारच उत्तम. मादी व्यायला टेकली कीं तिला अलगद तेथें हलवावें, पोटभर खाऊं घालावें आणि पिल्लें झालीं कीं परत न्यावें. पिल्लें स्वभावतःच वनस्पतींच्या गुंत्यांत शिरतात.

आतां या पिल्लांच्या आहाराकडे वळूं. पहिल्या महिन्यांत जें पिल्लूं उपाशी राहिलें तें पुढें कितीही खाल्लें तरी खुरटें तें खुरटेंच राहतें. त्याचें पोट टांचणीच्या टोकाएवढें. म्हणून एकदांच पुष्कळ घालण्यापेक्षां दिवसांतून चार-पांच वेळां चिमूटभर घालावें. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांत बांधून पाण्यांत हलविला म्हणजे जो धुरळा उठतो तो पिल्लें आवडीनें खातात. पण बलक पाणी फार लवकर नासवितो, तेव्हां हा उपाय अडीअडचणीपुरताच बरा. सर्वांत उत्तम अन्न म्हणजे आर्टेमिया या मिठागरांतल्या सूक्ष्म जीवाचीं नुकतीं फुटलेलीं पिल्लें. याचीं वाळलेलीं अंडीं डब्यांतून विकत मिळतात. दिसावयास तपकिरी धुळीसारखीं. एक लिटर पाण्यांत पंचवीस-तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत हीं अंडीं अर्धा चमचा टाकावीं, हवेच्या नळीनें पाणी सतत खळबळतें ठेवावें, जवळ दिवा असावा. साधारण अठ्ठावीस अंशांच्या उबेंत चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी रंगाचे असंख्य ठिपके पोहूं लागतात. मग हवा बंद करावी. रिकामीं टरफलें वर तरंगतात, जिवंत जीव उजेडाकडे गोळा होतात. ते नळीनें ओढून, बारीक कापडांतून गाळून, गोड्या पाण्यानें धुऊन पिल्लांना द्यावे. अर्ध्या तासानें पाहावें तों पिल्लांचीं पोटें नारिंगी झालेलीं! ज्याला हा खटाटोप नको त्यानें बारीक कुटलेलें कोरडें अन्न द्यावें. पिल्लें जगतील, पण तेज येणार नाहीं.

खाणें वाढलें कीं घाणही वाढते. आठवड्यांतून दोनदां पाव भाग पाणी बदलणें हा पिल्लांच्या पेटीचा नित्यनेम समजावा.

तीन आठवड्यांच्या सुमारास माद्यांच्या पोटावर तो काळसर डाग अंधुक दिसूं लागतो. याच वेळीं भिंग घेऊन बसावें आणि मुलगे-मुली वेगळे करावे. चार आठवडे उलटूं देऊं नयेत. नर दोन महिन्यांच्या आंतच वयांत येतात, आणि एखादा उतावळा नर मुलींच्या पेटींत राहून गेला तर मघांशीं सांगितलेल्या सांठवणीच्या गुणामुळें सहा महिन्यांची मेहनत पाण्यांत, अक्षरशः पाण्यांत, जाते. माझ्या मतें गप्पीच्या पैदाशींत कौशल्याचें असें हें एकच काम आहे. बाकी सारी चिकाटी.

आतां रंगांच्या वारशाकडे येऊं. डेन्मार्कमध्यें योहान्स श्मिट नांवाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. यूरोपांतील ईल हा सर्पाकृति मासा वीण करण्यासाठीं दूरच्या सार्गासो समुद्रांत जातो असें दाखवून देणारे तेच हे. समुद्राएवढे प्रश्न सोडविणाऱ्या या माणसानें या चिमुकल्या गप्पीचाही अभ्यास केला. एका जातीच्या नरांच्या पाठीवरील परावर काळा ठिपका असे. श्मिट यांना असें आढळलें कीं, हा ठिपका बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असा केवळ पुरुषपरंपरेनें जातो; मुलींत तो कधीं दिसत नाहीं आणि मुलींमार्फत पुढेंही जात नाहीं. त्यांनीं हें १९२० सालीं प्रसिद्ध केलें. कारण उघड आहे. नराच्या पेशींत ‘वाय’ नांवाचें जें एक गुणसूत्र असतें तें फक्त मुलग्यांना मिळतें, आणि त्या ठिपक्याचा गुण त्या सूत्रावर बसलेला होता. श्मिट यांच्यामागून ओय्विंद विंगे यांनीं हा अभ्यास पुढें चालविला आणि रंगांचे इतर अनेक गुण ‘वाय’वर, तर कांहीं ‘एक्स’ या दुसऱ्या सूत्रावर असतात असें दाखविलें.

यावरून हौशी माणसानें काय घ्यावें? ‘वाय’वरचे गुण बापाकडून आयते येतात, म्हणून कोणी म्हणेल, उत्तम नर आणला कीं झालें; मादी कोणतीही चालेल. येथेंच गफलत होते. मुलग्याला ‘एक्स’ सूत्र मिळतें तें आईकडून. शिवाय उरलेल्या सर्व सूत्रांचा अर्धा वांटा तिचाच. मादीच्या अंगावर रंग दिसत नाहींत, पण ती ते वाहत असते. एखाद्या मुलाला मामाचें नाक आलें म्हणजे तें आईच्या चेहऱ्यावर असावेंच लागतें असें नाहीं, तसेंच हें. म्हणून मादी निवडतांना तिचे भाऊ पाहावे. ज्या मादीचे सगळे भाऊ एकसारखे आणि देखणे आहेत, ती साधी दिसली तरी मोलाची.

कांहीं गुण मात्र दोन्हीकडून आल्याशिवाय प्रकटच होत नाहींत. गप्पीचा मूळचा अंगरंग करडा. सोनेरी अंगरंग हा त्याचा दबून राहणारा भेद. करड्या जातिवंत मादीला सोनेरी नर दिला तर पहिल्या पिढींत झाडून सारीं पिल्लें करडीं निघतात, आणि अधीर माणूस तीं सगळीं वांटून टाकतो. वास्तविक त्या प्रत्येक करड्या पिल्लांत सोनेरी रंग दडलेला असतो. त्यांचाच आपसांत संबंध आला कीं पुढच्या पिढींत सरासरीनें चारांत एक सोनेरी पिल्लूं उमटतें. मेंडेलनें वाटाण्यांवर जें पाहिलें तेंच आपल्याला दिवाणखान्यांतल्या कांचेंत, पांच-सहा महिन्यांत पाहावयास मिळतें. त्यासाठीं एक वही मात्र हवी. कोणत्या पेटींत कोणाचीं पिल्लें, केव्हां जन्मलीं, याची नोंद नसेल तर चार पिढ्यांनंतर कोण कोणाचा हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं.

मूळच्या अरण्यांत हा सौंदर्याचा हिशेब कोण ठेवतो, हें सांगण्यासारखें आहे. त्रिनिदादच्या ओढ्यांत धबधब्यांच्या खालीं मोठे शिकारी मासे असतात; वरच्या डोहांत ते चढूं शकत नाहींत. जॉन एंडलर या शास्त्रज्ञानें पाहिलें कीं, खालच्या भागांतले गप्पी नर फिकट, तर वरच्या निर्धास्त डोहांतले भडक रंगाचे. मग त्यानें कृत्रिम हौदांत गप्पी सोडून कांहीं हौदांत शिकारी मासा ठेवला, कांहींत नाहीं. थोड्याच पिढ्यांत शिकाऱ्याच्या हौदांतले नर फिके पडले आणि दुसरीकडचे रंगीत होत गेले. हे प्रयोग १९८० सालीं प्रसिद्ध झाले. रंग मादीला भुलवितो, तसाच शत्रूलाही बोलावतो. पुढें डेव्हिड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शिकाऱ्यांच्या भागांतले गप्पी निर्धास्त जागीं नेऊन सोडले आणि अकरा वर्षांनीं, म्हणजे गप्पीच्या तीस ते साठ पिढ्यांनीं, पाहिलें तों ते मासे उशिरां वयांत येऊं लागले होते आणि मोजकीं पण मोठीं पिल्लें देत होते. आपल्या पेटींत शिकारी नाहीं. तेथें निवड करणारे आपण आहों, आणि आपण निवड केली नाहीं तर जो नर सर्वांत चपळ आणि लवकर वयांत येणारा, म्हणजे बहुधा आखूड शेपटाचा, तोच पुढच्या पिढीचा बाप होतो. लांब शेपटाचें ओझें वाहणारा देखणा नर या शर्यतींत मागें पडतो. ‘शेपटें आखूड कां झालीं?’ या प्रश्नाचें अर्धें उत्तर यांत आहे.

तेव्हां प्रत्येक पिढींतून एक उत्तम नर आणि दोन-तीन माद्या निवडाव्या. सख्ख्या भावाबहिणींचा संबंध एक-दोन पिढ्या चालतो. पण तोच सतत चालू राहिला तर वेत लहान होतात, कणा वांकडा निघतो, रोग लवकर जडतो. यासाठीं एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन पेट्यांत वेगळ्या वाढवाव्या आणि तीन-चार पिढ्यांनीं एकीचा नर दुसरीच्या मादीला द्यावा. आपल्या समाजांत सगोत्र विवाह टाळण्याची जी काळजी घेतात तिची आठवण येथें होते, इतकेंच. बाहेरून अनोळखी मासा आणून मिसळणें हा शेवटचा उपाय. कारण ताज्या रक्ताबरोबर सारे जमविलेले गुणही विस्कटतात. आणि असा मासा आणलाच तर तीन आठवडे निराळा ठेवल्यावांचून घरच्या माशांत सोडूं नये. कांहीं जातींत सर्व पर रिबिनीसारखे लांब वाढविलेले असतात. त्यांत नराचा बीज देण्याचा अवयवही इतका लांबतो कीं त्याला संबंधच साधत नाहीं. अशी जात चालते ती त्याच्या आखूड परांच्या भावांवर. सौंदर्याचा हव्यास कोठें थांबवावा, याचा विचार मला असे मासे पाहून नेहमीं पडतो.

राहतां राहिला प्रश्न उरलेल्या माशांचा, आणि तो टाळून चालणार नाहीं. दोन माद्यांपासून वर्षाला शेंकडों पिल्लें होतात; निवडलीं जातात तीं चार-पांच. उरलेल्यांचें काय? बरेच सज्जन लोक दयाबुद्धीनें तीं जवळच्या ओढ्यांत किंवा नदींत सोडतात. कृपा करून असें करूं नये. बीज सांठविणारी एकटी मादी नव्या जागीं वसाहत उभी करूं शकते, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत जे आपले मूळचे लहान मासे आहेत, त्यांतले कित्येक जगांत दुसरीकडे कोठेंही नाहींत. त्यांच्या अन्नावर आणि अंड्यांवर हा पाहुणा हात मारतो. डांसांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून गप्पी आपल्या देशांत आणून सोडण्यांत आला, आणि महाराष्ट्रांत हिवताप व डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठीं सांचलेल्या पाण्यांत तो अद्यापही सोडतात. त्याचा उपयोग नेमका किती, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. परंतु बंद जागेंत, म्हणजे वापरांत नसलेला हौद, बागेंतलें बंद कारंजें, ज्याचें पाणी पावसाळ्यांत वाहून ओढ्याला मिळत नाहीं अशी विहीर, अशा ठिकाणीं तो ठेवण्यास हरकत नाहीं. दुकानदार साधे मासे थोड्या मोबदल्यांत परत घेतात. शेजारच्या मुलांना द्यावयाचे असतील तर फक्त नर द्यावे. म्हणजे त्यांच्याही घरीं हाच प्रश्न उभा राहणार नाहीं. आणि संख्या मुळांतच आवरावयाची असेल तर नर-माद्या कायमच्या वेगळ्या ठेवाव्या, किंवा विणीच्या पेटींतल्या वनस्पती विरळ कराव्या. बाकीचें काम मोठे मासे करतात. तें पाहवत नसेल त्यानें पहिला मार्ग धरावा.

पेटींतून काढलेलें पाणी मोरींत ओतूं नये. तें फुलझाडांना फार मानवतें. मात्र नळीच्या तोंडाला बारीक फडकें बांधण्यास विसरूं नये, नाहीं तर दोन दिवसांचीं पिल्लें पाण्याबरोबर तुळशीच्या कुंडींत जाऊन पडतात.